नवाहो गाण्यांची वही: सत्तावन्न सेकंदांच्या पुढे

मंडळी, मागच्या नोंदीत गाडी व्हॉयेजरच्या सोनेरी तबकडीवर थांबली होती. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1977 साली अंतराळात गेलेल्या त्या तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहां हो’, साडेतीन मिनिटांची. ती ऐकायला गेलो आणि त्याच तबकडीवरच्या नवाहो, म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या एका आदिवासी जमातीच्या, रात्रगानाने मान पकडली. एक बल्गेरियन लोकगीत संपतं, हॉलबोर्नची छोटी इंग्रजी रचना सुरू व्हायची असते, आणि मधे जेमतेम 57 सेकंद हे. ध्वनिमुद्रण विलर्ड ऱ्होड्स या अमेरिकी संगीत-अभ्यासकाचं, 1940च्या दशकातलं.

तेव्हापासून हा तुकडा किती वेळा ऐकला याची मोजदाद सोडून दिली आहे. खुळखुळे वाजू लागतात, पुरुषांचे आवाज एकत्र उठतात आणि बघता बघता फॉल्सेटोत, म्हणजे पुरुषाच्या चोरट्या उंच आवाजात, उडी मारतात. मधे मींड नाही, कणस्वर नाही. खालचा स्वर सोडला की थेट वरचा. हार्मोनियम घेऊन बसलो तर स्वर सापडतात, पण ती उडी पेटीवर निघत नाही. गळ्यातून काढायचा प्रयत्न केला तर घरच्यांनी दार लावून घेतलं.

हे गाणं नऊ रात्री चालणाऱ्या एका उपचारविधीतलं आहे. शेवटच्या रात्री देवतांचे मुखवटे घातलेले नर्तक, म्हणजे येबिचाय, पहाटेपर्यंत नाचतात आणि गातात. माणूस आजारी आहे, त्याचं जगाशी असलेलं नातं बिघडलं आहे, ते पुन्हा नीट बसवायचं, यासाठी एवढा खटाटोप. विधी चालवणारा हाताली हा गायकही असतो आणि वैद्यही. शेकडो गाणी, प्रार्थना आणि वाळूची चित्रं क्रमासकट तोंडपाठ करायला त्याला वर्षानुवर्षं दुसऱ्या हातालीच्या हाताखाली घालवावी लागतात. लिहून घ्यायची सोय नाही, शिकवणीचा मोबदला मात्र द्यावा लागतो.

वॉशिंग्टन मॅथ्यूज या अमेरिकी लष्करी डॉक्टरने 1902 साली या विधीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली एक गोष्ट माझ्या वहीत लाल शाईने उतरवली आहे. शेवटच्या रात्रीच्या पहिल्या नाचाचं गाणं मुख्यतः निरर्थक वाटणाऱ्या अक्षरांचं असतं. पण त्यातलं एखादं अक्षर चुकलं किंवा जागा सोडून पडलं, तर सगळा विधी तिथेच संपवायचा आणि जमलेल्या लोकांनी घरी जायचं. नऊ रात्रींची मेहनत, लांबून आलेले पाहुणे, शिजवलेलं अन्न, सगळं फुकट. आपण ‘हे हे या या’ म्हणून हसण्यावारी नेऊ अशा अक्षरांवर केवढा भार!

यानंतर वहीचे रकाने बदलले. आधी चाल, स्वर, लय, ठेका एवढेच होते. आता पहिले तीन रकाने असे: कोणत्या ऋतूत, कुणासाठी, कोण गाऊ शकतं. स्वरलिपी शेवटच्या रकान्यात. गटातल्या एकाने विचारलं होतं की मग संगीताचा अभ्यास राहिला कुठे. माझ्या मते तो आत्ता सुरू झाला. डेव्हिड मॅकॲलेस्टर या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने 1954 साली ‘शत्रुविधी’ या दुसऱ्या नवाहो विधीच्या संगीतावर प्रबंध छापला. अमुक गाणं सुंदर आहे का असं विचारलं की लोकांचं उत्तर ते कशासाठी आहे तिकडे वळतं, हे त्याने तेव्हाच नोंदवून ठेवलं. आपल्यासारख्या बैठकीत बसून दाद देणाऱ्यांना हे पचायला वेळ लागतो.

स्वरलिपीचं काम सर्वांत जास्त झालं ते या शत्रुविधीतल्या सार्वजनिक गाण्यांवर. विधी उन्हाळ्यातला. परक्याशी, शत्रूशी, मृताशी संबंध आल्याने जडलेला दोष काढण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या कितीतरी नवाहो सैनिकांसाठी तो झाला. रुग्णाकडची मंडळी सजवलेली काठी घेऊन काही मैलांवरच्या दुसऱ्या कुटुंबाच्या मुक्कामी जातात. पूर्वी घोड्यांवरून जात, आता सोबत पिकअप गाड्याही असतात. आतला विधी मोजक्यांचा, पण रात्री बाहेरच्या अंगणात सगळा मुलूख लोटतो. पुरुषांचे घोळके उभ्याने गातात. मुलींनी जोडीदार निवडायचा, आणि नाच झाला की मुलाने तिला काहीतरी पैसे द्यायचे. वयात आलेल्या पोरापोरींच्या ओळखी इथेच होतात, आणि दूरच्या नातेवाइकांच्या गाठीभेटीही.

ही नाचाची गाणी विधीबाहेरही मोकळेपणाने गायली जातात आणि 1960च्या दशकापासून गायक मंडळींनी स्वतः तबकड्यांसाठी म्हटली आहेत. टाओसच्या इंडियन हाउस आणि फिनिक्सच्या कॅनियन रेकॉर्ड्स या तबकड्या काढणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी ती काढली. कॅनियनची सुरुवातच 1951 साली एड ली नाताय या नवाहो गायकाच्या ध्वनिमुद्रणापासून झाली. मी स्वरलिपी लिहितो ती एवढ्याच गाण्यांची.

आतापर्यंत हाती लागलेलं असं. बहुतेक चालींचा सांगाडा सा, ग, प आणि तार सा. शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधे कुठेतरी बसणारा गंधारही बऱ्याचदा येतो. पेटीवर तो कायमच खटकतो, तंबोऱ्यावर मात्र खपून जातो. सुरुवात उंचावरून, मग पायरी पायरीने खाली, आणि शेवटी षड्जावर ठाण मांडून तोच स्वर पुन्हा पुन्हा. मात्रा दोनच, लांब आणि आखूड. एवढं ऐकून वाटतं सोपं आहे. मग चाल मधेच एक मात्रा जास्तीची घेते, आणि टाळ्यांनी सम धरणारा माणूस उघडा पडतो. ढोल त्याच्या पावलाने सरळ चालत राहतो, वाकडं वळण गळाच घेतो. दोनदोन मिनिटांच्या गाण्याचं कडवं लिहायला अख्खी संध्याकाळ जाते ती यामुळे.

ढोलाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. छोटं मातीचं भांडं, तोंडावर ताणून बांधलेलं हरणाचं कातडं आणि आत थोडं पाणी. गोव्याचं घुमट डोळ्यांसमोर आणा, पण दुसरं तोंड बंद आणि आत पाणी हेलकावतं आहे असं. काठी बारीक, टोकाला वाकवून कडं केलेली. आवाज मोठा नाही. घोळक्यातल्या गायकांना पुरेल एवढाच, ओलसर आणि खोल. तो विधीसाठी बांधतात आणि विधी झाला की सोडून टाकतात. रात्रगानासारख्या विधींत तर ढोल म्हणजे पालथी घातलेली विणलेली टोपली, आणि ती वाजवायची युक्का वनस्पतीच्या पानांच्या काठीने. तीही काठी त्या विधीपुरतीच. गटातल्या दोघांनी कुंभाराकडून मडकं आणून प्रयोग करू म्हटलं होतं. मी त्यात नाही. ठेका टेबलावर बोटांनीही शिकता येतो.

आता जे ऐकायचं नाही असं ठरवलं, त्याबद्दल. किनाल्दा हा मुलीला पहिली पाळी आली की होणारा चार दिवसांचा विधी. ती रोज पूर्वेकडे धावते, मका दळते, आणि शेवटच्या रात्री अंगणातल्या खड्ड्यात मक्याचा मोठा केक भाजायला ठेवून होगानमध्ये, म्हणजे पारंपरिक नवाहो घरात, रात्रभर गाणी म्हणतात. ढोल नाही, खुळखुळा नाही, नुसते गळे. मुख्य गायक आरंभाची आणि शेवटची ठरलेली गाणी म्हणतो, मधल्या वेळात ज्याला गाणी येतात त्याने ती घालायची. सकाळी केक कापून वाटतात, मुलीच्या स्वतःच्या वाट्याला मात्र तो येत नाही. याबद्दल मी वाचतो. ध्वनिमुद्रणं कुठे ना कुठे सापडतील, पण ती घरच्यांची रात्र आहे. पुण्यात हेडफोन लावून मी त्यात बसायचं कारण नाही. हेच विधीच्या वस्तूंचंही. सांता फेच्या व्हीलराइट संग्रहालयाने 1977 साली हातालींची विधीची गाठोडी नवाहोंना परत केली, ते उत्तम झालं असं माझं स्पष्ट मत आहे. योगायोग म्हणजे त्याच वर्षी ती तबकडी अंतराळात गेली.

रोजच्या ऐकण्यासाठी रेडिओ. केटीएनएन, 660 एएम, नवाहो राष्ट्राची राजधानी विंडो रॉकहून, 1986पासून. पन्नास हजार वॉटचं स्टेशन, इंटरनेटवरही लागतं. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ, सातची वेळ. नवाहो भाषेतली निवेदनं, कंट्री गाणी आणि मधूनच तीच नाचाची गाणी. कंट्रीवर नाक मुरडू नका. तिथल्या बुजुर्गांनाही ते आपलंच वाटतं. नवाहो राष्ट्राचे 110 चॅप्टर आहेत, आपल्या ग्रामसभेच्या अंगाने जाणारे. त्यांच्या सभागृहात शनिवारी गाणी-नाचाचा कार्यक्रम ठेवतात: चिमुरड्यांपासून आजी-आजोबांपर्यंत वयोगट, जोड्यांना क्रमांक, एका कोपऱ्यात ढोलवाले. जमलेले पैसे कुणाच्या औषधपाण्याला किंवा शाळेच्या सहलीला. शत्रुविधीच्या अंगणातली चाल अशी वर्गणीच्या कामाला लागलेली पाहून मला बरं वाटतं.

एक फाटा, कारण प्रश्न सारखा येतो: बासरीचं काय? बासरीवादक आर. कार्लोस नाकाय नवाहो आणि युट या दोन जमातींच्या वंशाचे आहेत आणि त्यांची बासरी जगभर गाजली, पण ती देवदाराची बासरी मुळात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींची. नवाहो संगीताचा गाभा गळा आहे. बासरीच्या प्लेलिस्ट या वहीत येणार नाहीत.

पुढचा टप्पा थंडीतला. केशजे, म्हणजे जोड्यांचा खेळ, आणि त्याची गाणी. दोन बाजू, प्रत्येकीकडे वाळूत पुरलेले चार जोडे, एकात युक्काच्या मुळाचा गोळा लपवलेला, मधे धरलेलं कांबळं आणि गुण मोजायला 102 काड्या. कथा अशी की दिवसाच्या आणि रात्रीच्या प्राण्यांनी हा खेळ मांडला, कायम उजेड हवा की कायम अंधार हे ठरवायला, आणि कुणीच जिंकलं नाही. गाणी छोटी आणि खट्याळ, प्राण्यांची टर उडवणारी. हा खेळ आणि ही गाणी फक्त हिवाळ्यात. पहिल्या गडगडाटानंतर बंद. ध्वनिमुद्रणं मिळाली आहेत, फोल्डर करून ठेवली आहेत, आणि डिसेंबरपर्यंत उघडणार नाही. तोवर नाचगाण्यांची उरलेली स्वरलिपी पक्की करतो.

इंडियन हाउसच्या जुन्या तबकड्यांची चांगली प्रत कुणाकडे असेल तर कळवा. माझ्याकडच्या प्रतीत दुसऱ्या बाजूला एवढी खरखर आहे की ढोलाचा ठेका कुठला आणि सुईचा कुठला ते समजत नाही. तसंच त्या मधल्या गंधारासाठी कुणी श्रुतिपेटी वापरून पाहिली असेल, तर आकडे पाठवा.