डिसेंबरातला पावश्या

ताईने २६ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दक्षिण गोलार्धात डिसेंबरात उन्हाळा असतो, हे तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? त्यामुळे दक्षिण आफ्रिकेत डरबनला तिच्या मुलाकडे निघताना सामान तिनेच भरलं. सुती कपडे, दोन टोप्या, कोकम सरबताची बाटली, सब्जाची पुडी. मी छत्रीचं नाव काढलं तर म्हणाली, "मे महिन्यात कोकणात जाताना छत्री घेतेस का तू?"

डरबनच्या उत्तरेला तीन तासांवर श्लुश्लुवे नावाचं गाव आहे. झुलू भाषेत त्याचा उच्चार करताना जीभ दाढेला लावून बाजूने हवा सोडावी लागते. भाच्याला चार वर्षांत ते जमलेलं नाही, ताईने तिसऱ्या प्रयत्नात जमवलं आणि मग दिवसभर कारण नसताना म्हणत राहिली. नाव एका काटेरी वेलीवरून पडलंय. तिकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, क्षणभर आपण इस्लामपूरच्या रस्त्याला लागलो की काय असं वाटावं. या उसासाठीच १८६० साली मद्रासहून मजुरांचं पहिलं जहाज डरबनला लागलं होतं. भाच्याच्या शेजारचे नायडू त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी पाचव्या पिढीतले. त्यांना तमिळ येत नाही, पण त्यांच्या घरची आमटी जिभेला चटका देते.

तिथल्या जंगलातल्या लॉजवर पोचलो तेव्हा भर दुपार होती. ताईने उन्हात उभं राहून स्वतःची सावली पाहिली. ती पायाखाली गोळा झाली होती, आणि जी थोडी उरली होती ती दक्षिणेकडे. "बघ, सूर्य उत्तरेला आहे," ती इतक्या समाधानाने म्हणाली की जणू तिनेच त्याला तिथे पाठवला होता. अंगाला घामाच्या धारा. झाडं मात्र हिरवीगार, गवत कमरेएवढं. मे महिन्याशी जुळत नव्हतं हे काही. चार वाजता पश्चिमेकडून ढग आले, तांबडी धूळ उडाली, आणि पुढचा तासभर आम्ही व्हरांड्यात पाय पोटाशी घेऊन बसलो. गवताच्या छपरावर पावसाचा आवाजही होत नाही, तो नुसता कडेने पागोळ्या होऊन दिसतो.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पुस्तकात 'उन्हाळा' लिहिलं होतं. म्हणजे इथला पावसाळा, हे कुणी लिहिलंच नव्हतं." वर्गात उत्तरपत्रिका तपासताना वापरायची तोच सूर, फक्त या वेळी गुण तिचेच कापले जात होते. केपटाउनचा पाऊस हिवाळ्यातला. इकडे पूर्वेला पाणी पडायचं ते उन्हाळ्यात. छत्री लॉजवाल्यांनी दिली. मोठी, काळी, आजोबांच्या काळातली वाटावी अशी.

रात्री जेवताना दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळव्यांचा थवा उठला आणि आमटीत, म्हणजे सूपमध्ये, पडला. शेजारच्या टेबलावरच्या युरोपियन बाई किंचाळल्या. आम्ही दोघींनी सवयीने हात वर करून मोठे दिवे मालवायला सांगितले आणि खाली एक परातभर पाणी मागितलं. आजोळी मृगाच्या पहिल्या पावसानंतर हेच करायचो. वाढपी मुलगा हसला. त्याच्या घरी या वाळव्या पंख झटकून, मीठ टाकून परततात म्हणे. शेंगदाण्यासारख्या लागतात. खाऊन बघण्याइतकं धाडस आमच्यात नव्हतं.

लॉजचा दिवस मधोमध भोक पडलेला असतो. साडेचारला दारावर टकटक, पाचला उघड्या जीपमधून जंगल, नऊला परत, आणि अकरा ते साडेतीन काहीच नाही. माणसं पैसे मोजतात ते सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी, पण मला विचाराल तर खरी मजा त्या भोकात आहे. आम्ही पलंग सोडून व्हरांड्यात सतरंजी टाकायचो. हिरवळीवर रानडुकरांचं कुटुंब यायचं आणि पुढचे गुडघे टेकून, देवळात बसावं तसं, चरायचं. न्याला नावाच्या हरणांतला नर काळपट, झुपकेदार आणि पायात पिवळे मोजे घातल्यासारखा. मादी तांबूस, अंगावर पांढरे पट्टे. पहिल्यांदा पाहताना एकाच जातीची म्हणून पटत नाहीत. काळ्या तोंडाची माकडं चहाच्या टेबलावरची साखरेची पाकिटं तेवढी उचलायची. मिठाच्या पुड्यांना हात लावत नसत. वाचता येत असावं.

सकाळी कॉफीबरोबर जाड, टणक टोस्ट मिळायचे, रस्क म्हणतात त्यांना. ते कॉफीत बुडवूनच खायचे असा तिथलाही रिवाज. आम्ही आधी आजूबाजूला पाहिलं, गाईडच बुडवतोय म्हटल्यावर जीव भांड्यात पडला.

फेऱ्यांचं खरं सांगायचं तर उन्हाळ्यात फारसं काही दिसत नाही. हिवाळ्यात गवत वाळतं, पाणवठे आटतात, सगळे एकाच डबक्यावर जमतात. उन्हाळ्यात दर वळणावर पाणी, मग सिंहाने आमच्यासाठी रस्त्यावर का यावं? तीन दिवसांत सिंह म्हणून गवतातून वर आलेला एक कान दिसला. इम्पाला नावाची हरणं मात्र शेकड्यांनी. आमच्या पिढीला इम्पाला म्हणजे हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बापाची लांबलचक गाडी, पण शब्द मूळचा झुलू. पावसाच्या तोंडावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, दोन-चार आठवड्यांत सगळ्या माद्या विणतात. इतकी पाडसं एकदम जन्माला येतात की खाणाऱ्यांनी कितीही खाल्ली तरी उरतात. त्यांचा वीस-पंचवीस पाडसांचा घोळका सावलीत बसलेला पाहून ताई म्हणाली, "बालवाडी." गाईडला तिथे थांबायचं नव्हतं, आम्हाला हलायचं नव्हतं.

आणि गेंडे. श्लुश्लुवे आणि इम्फोलोझी ही जंगलं १८९५ साली राखीव झाली, तेव्हा दक्षिणेकडचे पांढरे गेंडे शंभराच्या आत उरले होते आणि ते सगळे इथेच होते. आज जगात या जातीचा कुठलाही गेंडा त्यांच्याच वंशातला. आम्हाला चिखलात लोळणारी एक मादी दिसली, शेजारी पिल्लू. शिंग कापलेलं. चोरट्यांनी मारू नये म्हणून राखणाऱ्यांनीच कापलेलं. नखासारखंच असतं, पुन्हा वाढतं, दुखत नाही, असं गाईडने समजावलं. ताईने मान डोलावली, पण कॅमेरा पिशवीत ठेवून दिला.

रस्त्यात शेणाचा पो दिसला की आमचा गाईड गाडी वळवून नेई. आत शेणकिडे असतात. ते शेणाची गोळी करून सरळ रेषेत ढकलत नेतात आणि रात्री ही सरळ रेष आकाशगंगेच्या उजेडावर धरतात. स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या बसवून, त्यांना तारांगणात सोडून हे सिद्ध केलं. २०१३ साली त्यांना इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. त्या रात्री आम्हीही वर पाहिलं. उत्तरेकडे मृग नक्षत्र होतं, खाली डोकं वर पाय. ताईने मान वाकडी करून ते सरळ करून घेतलं.

शेवटच्या पहाटे आम्ही फेरीला गेलोच नाही. साडेचारला जाग आली ती एका पक्ष्याने. तीन सूर, वरून खाली उतरणारे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. ताई अंथरुणात उठून बसली. "पावश्या?"

पावश्या नव्हता. भाच्याच्या मोबाईलने सांगितलं, लाल छातीची कोकिळा. नाव बाईचं, ओरडतो नर. आपल्या पावश्याच्याच कुळातला. पावसाच्या आधी उत्तरेकडून येतो, अंडी दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात घातली जातात. पावश्या नाही का सातभाईंच्या घरात पोरं ठेवून पुन्हा लोकांना 'पेर्ते व्हा' म्हणत हिंडतो.

नऊ वाजता खोली आवरायला मामा आल्या. त्या बाईंना सगळे 'मामा' म्हणत. तिकडे वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात, पण ताईला ते तीन दिवस जड गेलं होतं. पक्षी अजून ओरडत होता. तो काय म्हणतो, असं ताईने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. मामांनी हातातली उशी खाली ठेवली. "फेझुकोमखोनो," त्या म्हणाल्या आणि बाही कोपराच्या वर सारून दंडावर थाप मारली. दंडावर, म्हणजे बाह्या वर करा, कुदळ उचला, पेरणीचे दिवस आले.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने मामांना आमचा पक्षी करून दाखवला. अख्ख्या वर्गासमोर करावा तसा, मोठ्याने. मामांनी दोनदा म्हणून पाहिलं, "पेर-ते-व्हा." मग तुम्ही काय पेरता, असं विचारलं. भात, भुईमूग, सोयाबीन. मामांच्या घरी मका. यंदा पर्यटकांच्या गर्दीत सुट्टी मिळाली नाही, सुनेने एकटीने टोकला.

खिडकीबाहेर पुन्हा तेच तीन सूर. मामांनी चादर झटकता झटकता तिकडे तोंड करून झुलूत काहीतरी सुनावलं आणि स्वतःशीच हसल्या.

"काय म्हणालात?" ताईने विचारलं.

"म्हटलं, तू आधी आपलं घरटं बांध."