सनद मिळाली, पक्षकार कुठून आणायचे?

अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील म्हणजे शार्लट रे. १८७२ मध्ये वॉशिंग्टनला सनद मिळाली, कंपनी कायद्यावर पकड होती. १८७५ मध्ये नवऱ्याच्या छळाला कंटाळलेल्या एका बाईचा घटस्फोटाचा दावाही त्यांनी चालवला. पण पक्षकार येईनात. शेवटी ऑफिस बंद करून त्या न्यूयॉर्कला शाळेत शिकवायला लागल्या. पुढे दुसऱ्या एका कृष्णवर्णीय महिला वकील कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात दहा खटले लढवून नऊ जिंकले, १९६६ मध्ये फेडरल न्यायाधीश झाल्या. हुशारीत डावं-उजवं करू नये. मोटलींना खटले आणि पगार देणारी संस्था पाठीशी होती, रे यांना नव्हती.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एलएलबी करणाऱ्या मुलींनी, त्यातही दलित घरांतल्या मुलींनी, हिशेब इथूनच मांडावा. सनदेचं त्या मानानं सोपं आहे. कायद्यानं नोंदणी फी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्यावर बार कौन्सिलनं, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेनं, जादा उकळायचं नाही, असं आपल्या सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये बजावलंय. मग बार कौन्सिलची परीक्षा.

खरी अडचण कन्नडची. खालच्या कोर्टात जबान्या कन्नडमध्ये, आणि सिव्हिल जज व्हायचं तर मुख्य परीक्षेत कन्नड-इंग्रजी भाषांतराचा अख्खा पेपर. नुसतं बोलता येऊन भागत नाही; रोज एक जबानी हातानं उतरवून काढावी.

मराठीचं भांडवलही कमी नाही. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे वाटणीच्या दाव्यात आजोबांचं खरेदीखत निघतं ते मराठीत, कधी मोडी लिपीत. गट नंबर नवा, खतात सर्व्हे नंबर जुना. पोटहिस्सा चुकीचा वाचला की दावा भलत्याच जमिनीवर जातो. मुलींना समान हिस्सा मिळू लागल्यापासून असे दावे ढिगानं आहेत. जुनं खत बिनचूक वाचून भाषांतर जोडणारी ज्युनियर सीनियरला हवीच असते.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही कामं मिळतात, मानधन बेताचंच. तिथं साधारण तीन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणून सीनियर निवडताना पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं: वकालतनाम्यावर (वकीलपत्रावर) माझं नाव आणि सही असेल ना? नुसत्या तारखा घेत फिरलेल्या तीन वर्षांचा कागद कुठेच राहत नाही.