क्यू टेकवायचा कुठे?

माझा क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, पडला तेव्हा मी ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारायला वाकलो होतो. मागून फरशीवर ‘टण्ण’ झालं आणि पांढरा बॉल मारायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला. ब्रेकसाठी मी वेगळा, जाडजूड क्यू वापरतो. तेवढ्या वेळापुरता खेळायचा चांगला क्यू प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवायचा, ही माझी सहा वर्षांची सवय. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा चहाचा ग्लास घेऊन त्या खुर्चीला चाटून गेला, एवढंच निमित्त.

टोकाची टिप निघाली असती तर चाललं असतं, पण टिपेखालच्या फेरूलला, म्हणजे टिप जिच्यावर बसते त्या टोपीला, उभी चीर गेली होती. नवं फेरूल बसवायला क्यू लेथवर चढवावा लागतो. खर्च बाराशे रुपये, आणि बारा दिवस पूल पार्लरच्या स्टिकने खेळणं. त्या स्टिक कशा असतात ते खेळणाऱ्यांना सांगायला नको. त्या बारा दिवसांत ‘लूझर पेज’ने, म्हणजे हरेल त्याने पैसे द्यायच्या रिवाजाने, मी टेबलाचं भाडं किती भरलं, ते घरी अजून सांगितलेलं नाही.

आमचं पार्लर पुण्यात, पहिल्या मजल्यावर. मूळ स्नूकरचं, नंतर पूलची दोन टेबलं आली. भिंतीवर लाकडी स्टँड आहे, पण तो पार्लरच्या स्टिकनी भरलेला. त्यात आपला क्यू ठेवला की दहा मिनिटांनी तो कुणा नवख्याच्या हातात दिसतो. आमचे मार्कर (गुण मोजणारे, टेबलं सांभाळणारे), ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते यावर एकच उत्तर देतात : ‘‘पूर्वी ज्याच्या त्याच्या नावाची जागा असायची साहेब.’’ मग गाडी विल्सन जोन्सवर जाते. जोन्स पुण्यात जन्मलेले, १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सची जागतिक हौशी स्पर्धा जिंकलेले. मामांच्या मते तेव्हापासून सगळं उतरणीलाच लागलंय.

तर मी ठरवलं, होल्डर घ्यायचा. बाजूच्या साध्या टेबलाच्या कडेवर ठेवायचा, दोन-तीन खाचा असलेला छोटा होल्डर. क्यूचा बूड जमिनीवर, अंग खाचेत. बघितलं तर शंभर-दीडशे रुपयांपासून पाच हजारांपर्यंत काहीही. मी मधला, साडेतीनशेचा, शिकंजा असलेला मागवला. खाली स्क्रू, तो आवळून टेबलाच्या कडेला पकडायचा, पुढे चार खाचा. चित्रात फार देखणा होता.

पार्लरमध्ये नेला तेव्हा गंमत कळली. भिंतीलगत ग्रॅनाइटचा उंच कट्टा आहे, त्यावर लोक चहा-मोबाइल ठेवतात. होल्डरची खरी जागा तीच. पण आपल्याकडे ओट्याची कड जाड दिसावी म्हणून खालून आणखी एक पट्टी चिकटवतात. म्हणजे वीस आणि वीस, चाळीस मिलिमीटर. माझ्या शिकंज्याचा जबडा उघडतो तीस. बरं, मग खुर्च्यांजवळच्या प्लॅस्टिकच्या टेबलाला लावू. तिथे तो छान बसला. पण खाचेत क्यूच जाईना! घरी ब्रेक-क्यू नेहमी कपाटाशेजारी उभा असतो, पण त्याची जाडी मोजावी असं मला कधी सुचलं नव्हतं.

मी चिंचवडला टूलरूममध्ये नोकरी करतो. दिवसभर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्या माणसाने न मोजता वस्तू मागवावी, याची लाज वाटून दुसऱ्या दिवशी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घरी आणला आणि क्यू भिंतीला उभा करून मापं घेतली. पूलचा क्यू साधारण १४७ सेंटिमीटर लांब. दोन तुकड्यांचा असला तर जॉइंट जवळपास मध्यावर, म्हणजे जमिनीपासून ७४-७५ सेंटिमीटरवर. आणि आपल्याकडच्या साध्या टेबलाची उंची किती? तीच, पंचाहत्तर! म्हणजे होल्डर साध्या टेबलावर ठेवला तर खाचेत नेमका जॉइंट येतो. तिथली जाडी साडेएकवीस मिलिमीटर निघाली. माझ्या होल्डरची खाच अठराची.

तोच होल्डर १०५ सेंटिमीटर उंचीच्या कट्ट्यावर ठेवला तर तिथे शाफ्टची, म्हणजे क्यूच्या वरच्या बारीक तुकड्याची, जाडी जेमतेम चौदा. खाचेत नुसता खुळखुळेल, पण राहील. थोडक्यात, जिथे होल्डर बसतो तिथे क्यू बसत नाही आणि जिथे क्यू बसेल तिथे होल्डर बसत नाही. विकणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. त्याने खाचेचं माप खाली बारीक अक्षरात दिलं होतं, मीच ते ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडलं होतं.

आमच्या ग्रुपमधला एक जण स्नूकरचा क्यू वापरतो. तो बुडापासून टोकापर्यंत एकसारखा निमुळता होत जातो, त्यामुळे पंचाहत्तरच्या उंचीवर त्याची जाडी एकोणीस. पूलच्या शाफ्टचं तसं नाही. टोकाकडचा फूटभर भाग जवळपास सारख्या जाडीचा असतो आणि मग तो जाड होत जातो. म्हणून ‘कुठल्याही क्यूला चालतो’ असं लिहिलेलं दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती उंचीवर?

यानंतर मी जे केलं ते टूलरूमवाला प्रत्येक माणूस करतो. स्वतःच बनवायला घेतलं. सुताराकडे सागवानाचा तुकडा पडलेला होता, त्याला चोवीसची भोकं पाडली, पुढून तोंड कापून खाचा केल्या. आत चिकटवायला मामांनी टेबलाच्या जुन्या कापडाची पट्टी दिली. कापड बदलताना उरलेलं हिरवं कापड ते कधी टाकत नाहीत. शिकंजा नकोच होता, म्हणून खाली जाड पोलादी पट्टी बसवली की वजनानेच जागेवर राहील. बोहरी आळीतून रबरी शीट आणून तळाला लावली. दिसायला असा झाला की दोघांनी ‘कुठून घेतलास?’ विचारलं. मी दोन दिवस हवेत होतो.

मग वजन केलं. एक किलो तीनशे ग्रॅम. दोन्ही क्यू मिळून भरतात त्याच्यापेक्षा जास्त! आणि तिसऱ्या दिवशी पिंपरीच्या मेट्रो स्थानकावर बॅग स्कॅनरमधून गेली आणि पट्टा थांबला. लांबट काळी केस, शेजारी अर्धगोल खाचा पाडलेलं पोलाद. स्कॅनरवरच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. मी सगळं उघडून दाखवलं, काय असतं ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे काठी ठेवायची काठी.’’ बरोबरच होतं ते. तो होल्डर मी पार्लरलाच ठेवून टाकला, आता तो कुणाचाही आहे.

यात एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी निघाली. एवढं वजन लागतं तरी का? घरी बॅग तोलायचा हुकाचा काटा आहे. होल्डरच्या जागी तो काटा क्यूला अडकवून क्यू टेकवला आणि तो पुढे किती ओढतो ते पाहिलं. क्यूचं वजन साधारण ५४० ग्रॅम. बूड टेबलाच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर ठेवला तर ओढ फक्त पन्नास ग्रॅमच्या आसपास. बूड तीस सेंटिमीटर लांब ठेवला तेव्हा काटा शंभराच्या वर गेला. म्हणजे नीट, जवळजवळ उभा ठेवलेला क्यू होल्डरवर भारच टाकत नाही म्हणा ना. चारशे-पाचशे ग्रॅमचा रबरी होल्डर त्याला आरामात पुरतो. किलो-सव्वा किलोचा पितळी होल्डर घेणारे घेवोत, ती शान झाली.

आणि या प्रयोगात क्यू दोनदा पडला (खाली गादी टाकली होती, शहाणपण आलं होतं). दोन्ही वेळा होल्डर नव्हे, बूड सरकला. बुडाला जे रबर असतं, ज्याला आम्ही बंपर म्हणतो, ते सहा वर्षांत प्लॅस्टिकसारखं कडक झालं होतं. गुळगुळीत टाइल्स, त्यावर टिपेला लावायच्या चॉकची निळी पूड, आणि वर कडक बंपर. मग तो घसरेल नाही तर काय करेल? नवा बंपर साठ रुपयांना मिळाला. तो येईपर्यंत जुन्यावर पॉलिश पेपर घासून त्याचा तकाकलेला थर काढला, तेवढ्यानेही बराच फरक पडला. इतके दिवस मी ज्या खुर्चीला दोष देत होतो, तिचा वाटा अर्धाच असावा.

आता खरेदी सोपी झाली होती, कारण काय नको ते पक्कं होतं. शिकंजा नको. आमच्याकडची कड कुठे चाळीसची, कुठे प्लॅस्टिकची आतून वळलेली, आणि एका पार्लरमध्ये तर काचेचं टेबल; काचेला स्क्रू आवळायची माझी छाती नाही. लोहचुंबकवाले होल्डर लोखंडी कपाटाला बरे, पण दर वेळी कपाट कुठून आणायचं? चॉक ठेवायला कप्पा, मोबाइल ठेवायला कप्पा, बाटली उघडायची सोय, हे सगळं ज्यांना हवं त्यांना लखलाभ. मला हवा होता खाली चपटा, जड रबराचा, तीन खाचांचा, खाच निदान बावीस मिलिमीटर रुंद, आणि क्यूच्या केसच्या कप्प्यात मावणारा.

तीन खाचा का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. माझे दोन क्यू, समोरच्याचा एक. समोरच्याचा क्यू आपल्या होल्डरमध्ये ठेवू दिला की खेळताना वातावरण बरं राहतं, हा अनुभव आहे. चार-पाच खाचांचा घेतला तर खाचा इतक्या जवळ असतात की बुटांची गर्दी झालेल्या जिन्यासारखे बूड एकमेकांवर चढतात. एक काढताना दुसरा हलतो.

मुंबईला राहणाऱ्या मित्राला सांगितलं, त्याच्या ओळखीचा एक जण क्यूचं सामान विकतो. मित्राला मी व्हिडिओ कॉलवर दुकानात व्हर्नियर धरायला लावला. तो म्हणाला, ‘‘अरे, तू लग्नाला मुलगी बघताना एवढी चौकशी केली नव्हतीस.’’ तिसरा होल्डर बावीसच्या वर भरला. नऊशे पन्नास रुपये. घरी किचनमधल्या काट्यावर ४२० ग्रॅम.

घेताना मी आणखी एक गोष्ट केली, ती सांगतो. होल्डर नाकाशी धरून वास घेतला. हसू नका. माझा भाचा गिटार वाजवतो. स्वस्त स्टँडच्या मऊ प्लॅस्टिकमधून सुटणाऱ्या तेलकट द्रव्याने गिटारच्या लॅकरवर डाग पडल्याचं त्याने मला दाखवलं होतं. पॉलिश केलेल्या क्यूच्या अंगालाही मला तीच भीती वाटली. त्यामुळे हात लावल्यावर चिकट वाटणारं किंवा उग्र वासाचं रबर मी टाळलं, आणि खाचेत खेळापुरताच क्यू ठेवतो, रात्रभर नाही. खाचेला क्लिपसारखी ‘टक्’ करून पकडणारी तोंडंही मला नको होती. दर खेपेला पॉलिशवर घासणार, आणि घाईत काढताना होल्डरसकट उचलला जाणार.

टेकवून ठेवला की क्यू वाकडा होतो, असं पार्लरमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं. तासाभराच्या टेकण्याने काही होत नाही. लाकूड वाकतं ते मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवल्याने, किंवा पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला महिनोन् महिने तिरका उभा ठेवल्याने. आणि हे सांगणाराच सहसा स्वतःचा क्यू डिकीतून काढत असतो.

आठ महिने झाले, होल्डर रोज वापरात आहे. एकदा कुणाची तरी ओढणी अडकून तो कट्ट्यावर हातभर घसरला, पण तिन्ही क्यू त्याच्याबरोबर शिस्तीत सरकले, पडले नाहीत. बूड कडेपासून वीतभरापेक्षा लांब ठेवायचा नाही, हे आता हाताला कळतं. सेंटिमीटर मोजत बसत नाही.

एकच पंचाईत उरली होती. होल्डर काळा, कट्टा काळा, पार्लरमध्ये उजेड फक्त टेबलावर. निघताना क्यू उचलला जायचा आणि होल्डर तिथेच. दोनदा विसरलो, दोन्ही वेळा मामांनी काउंटरखाली ठेवला. तिसऱ्या वेळी त्यांनी तो परत दिला तेव्हा त्याला केशरी नाडी बांधलेली होती, चांगली हातभर लोंबणारी. ‘‘राहू द्या साहेब,’’ म्हणाले, ‘‘मी काय रोज असतो का इथं?’’