फ्रीस्टाइलनं बदलावं, पण रेडिओसाठी नको

गेल्या महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये फ्रीस्टाइलच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोघी गेलो होतो. ती पोर्तोरिकन, मी डोंबिवलीची. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात वाढलेल्या मुलींना ही गाणी तोंडपाठ असतात, घरात कुठली का भाषा असेना. सभागृह खच्चून भरलं होतं. पहिला ठोका पडला आणि सगळे उभे राहिले. मध्यंतरात रांगेत थांबले असताना मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या माझ्याच वयाच्या. कुणाचा चष्मा डोक्यावर सारलेला, कुणी उंच टाचांचे बूट काढून हातात घेतलेले. वीस-बावीसची एकच मुलगी दिसली, ती आईचा कोट सांभाळत उभी होती. त्या संध्याकाळी वाजलेल्या गाण्यांत १९९२ नंतरचं एकही नव्हतं.

येताना गाडीत मैत्रीण म्हणाली, "हे असंच चाललं तर आपल्याबरोबर संपेल बघ. कुणीतरी याला आजचं रूप द्यायला हवं. मग परत रेडिओवर लागेल, परत सगळे ऐकतील."

तिचं अर्धं म्हणणं मला पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहायला बसले आहे.

आधी थोडं सांगायला हवं, कारण फ्रीस्टाइल म्हटलं की आपल्याकडे रॅपमधलं ऐनवेळी शब्द जुळवणं डोळ्यांपुढे येतं. हे ते नाही. न्यूयॉर्क आणि मायामीत जन्मलेला हा नाचाच्या गाण्यांचा एक प्रकार आहे. १९८२ मध्ये आफ्रिका बंबाटा आणि सोल सॉनिक फोर्सचं ‘प्लॅनेट रॉक’ आलं. आर्थर बेकरनं ते घडवलं होतं. जर्मनीच्या क्राफ्टवेर्कची धून आणि तिच्याखाली रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या यंत्राचे ठोके. जपानमध्ये हे यंत्र १९८० साली बाजारात आलं आणि तीन वर्षांत बनायचं बंदही झालं, त्यामुळे जुनं यंत्र स्वस्तात मिळायचं. त्या ठेक्यावर प्रेमाची गाणी चढवली ती पोर्तोरिकन, काळ्या आणि इटालियन घरांतल्या मुलामुलींनी. ख्रिस बार्बोसा आणि मार्क लिगेट यांनी केलेलं, शॅननच्या आवाजातलं ‘लेट द म्युझिक प्ले’ १९८३ मध्ये निघालं आणि पुढच्या वर्षी बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. तेव्हा या प्रकाराचं नावही ठरलेलं नव्हतं. काही जण त्याला लॅटिन हिप-हॉप म्हणायचे.

डिस्कोत आणि हाऊस या क्लबांतल्या नाचाच्या संगीतात मोठ्या ड्रमचा ठोका चारही मात्रांवर सरळ पडतो. फ्रीस्टाइलमध्ये तो चकवतो. पाय टेकवायला जावं तर तिथं जागा रिकामी, आणि अर्ध्या मात्रेनं पुढं तो धप्पकन येतो. त्यामुळे कंबर आपोआप एका बाजूला झुकते. वर कडक टाळी, काउबेल, आणि साल्सातला पियानोवाला वाजवतो तशी सिंथेसायझरवरची तुटक, फिरून फिरून येणारी ओळ. आणि या सगळ्या धावपळीत शब्द मात्र रडवेले. तू फोन का केला नाहीस, मला सोडून का गेलास. गाणारी मुलगी सोळा-सतरा वर्षांची, शिकलेला गळा नाही, वरच्या स्वरावर आवाज किंचित खाली राहतो. मला ते खाली राहणं फार प्रिय आहे. त्यात ती मुलगी दिसते.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये आम्ही क्वीन्समधल्या एल्महर्स्टला आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. इंग्रजी कळायचं, पण वर्गात तोंड उघडायची छाती व्हायची नाही. रूझवेल्ट अव्हेन्यूवर डोक्यावरून सात नंबरची गाडी धडधडत जायची आणि तिच्याखाली प्रत्येक दुकानातून हॉट १०३ हे रेडिओ स्टेशन ऐकू यायचं. मी इंग्रजी बोलायच्या आधी गायला शिकले. नोएलचं ‘सायलेंट मॉर्निंग’, कव्हर गर्ल्सचं ‘शो मी’. रेडिओवरून टेप करायला घरात कोरी कॅसेट नव्हती, म्हणून बाबांनी डोंबिवलीहून आणलेल्या नाट्यगीतांच्या एका कॅसेटची दुसरी बाजू मी पुसली. बाबांना कळलं. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी तीन कोऱ्या कॅसेट आणून माझ्या दप्तरात ठेवल्या. आजही ती गोष्ट आठवली की घसा दाटतो.

१९८८ मध्ये ते स्टेशन १०३.५ वरून ९७.१ वर गेलं. एका संध्याकाळी मी काटा नेहमीच्या जागी नेला तर तिथं कंट्री गाणी चालू! हॉट ९७ सापडेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. पण १९९२-९३ च्या सुमाराला हॉट ९७ हिप-हॉपकडे वळलं आणि आमची गाणी गेली. ती हवेवरून गेली तशी ती करणारी माणसंही निघून गेली. डीजे लिटल लुई व्हेगा हाऊसमध्ये रमला. गायिका सा-फायरसाठी ‘बॉय, आय्‌व्ह बीन टोल्ड’ लिहिणाऱ्या आणि १९९१ मध्ये व्हेगाबरोबर स्वतःचा अल्बम काढणाऱ्या मार्क अँथनीनं १९९३ मध्ये साल्साचा अल्बम केला, पुढचं जगाला माहीत आहे. गायिका इंडियासुद्धा साल्साकडे गेली. त्यांना मी दोष देत नाही. पण ज्यांच्यात हा प्रकार पुढं न्यायची ताकद होती ते तिशीच्या आत दुसरीकडे गेले आणि मागं राहिली ती गाणी, जशीच्या तशी. १९९६ मध्ये १०३.५ वर केटीयू हे स्टेशन सुरू झालं, नाचाची गाणी परतली, त्यात फ्रीस्टाइलही होतं. पण जुनंच.

आता मैत्रिणीच्या म्हणण्याकडे. सगळे ऐकतील म्हणजे नक्की काय ऐकतील? मी त्या रात्री झोप येईना म्हणून वहीत लिहून काढलं. फ्रीस्टाइलच्या घरातून आलेल्या कुणाकुणाचं गाणं बिलबोर्डवर पहिलं आलं? लिसा लिसा अँड कल्ट जॅमची १९८७ मध्ये दोन: ‘हेड टू टो’ आणि ‘लॉस्ट इन इमोशन’. दोन्हींत जुन्या मोटाऊन कंपनीच्या सोल गाण्यांचा वास आहे, चकवणारा ठेका नाही. एक्स्पोझेचं १९८८ मध्ये ‘सीझन्स चेंज’: संथ गाणं. स्वीट सेन्सेशनचं १९९० मध्ये ‘इफ विशेस केम ट्रू’: संथ. त्याच वर्षाच्या शेवटी स्टीव्ही बीचं ‘बिकॉज आय लव्ह यू’: तेही संथ. एक्स्पोझेची खरी फ्रीस्टाइल गाणी, ‘कम गो विथ मी’ आणि ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’, पाचव्या जागेवर थांबली. पाचवी जागा काही थोडी नव्हे. पण शिखरावरचा दरवाजा ज्यांना उघडला त्यांनी फ्रीस्टाइल बाहेर काढून ठेवून आत पाऊल टाकलं. ही वही मी मैत्रिणीला दाखवली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

पुढं २००५ मध्ये ब्लॅक आइड पीझच्या एका गाजलेल्या गाण्यात लिसा लिसाच्या ‘आय वंडर इफ आय टेक यू होम’ची ओळ ऐकू आली. मला आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं. अख्खं जेवण सोडून कुणी पानातली कोशिंबीर तेवढी उचलून न्यावी, तसं.

म्हणून मला वाटतं की रेडिओला आवडेल असं करायचं ठरवलं की पहिला बळी त्या ठेक्याचा जातो. हे मी घरातही पाहिलं. माझी एकोणीस वर्षांची लेक लॅपटॉपवर गाणी जुळवते. कार्यक्रमानंतरच्या रविवारी तिला म्हटलं, "अगं, मला एक फ्रीस्टाइलचं करून दाखव ना." तिनं धून अचूक पकडली, उदास आणि फिरती. मग खाली सरळ चार ठोके टाकले. "आई, आता असंच चालतं." मी ऐकलं. गाणं व्यवस्थित होतं आणि त्यात जीव नव्हता. धून रडत होती आणि ठेका कवायत करत होता. मी तिला टेबलावर बोटांनी ठोका दाखवला, कुठं येतो आणि कुठं येत नाही. तिनं चार ठोके पुसले, ८०८ चा आवाज घेतला, तो इकडे-तिकडे सरकवत राहिली. पाऊण तासानं माझी मान हलायला लागली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "अच्छा, तिथं रिकामं ठेवायचं होतं होय!"

तरीही ते १९८८ चं नव्हतं. खालचा घुमारा आजचा होता, माझ्या कॅसेटवर तो मावलाच नसता. टाळीच्या जागी तिनं स्वयंपाकघरातल्या डब्याचं झाकण आपटून टेप केलेला आवाज वापरला होता. मला ते सगळं आवडलं.

आणि जिथं हे संगीत खरोखर पुढं गेलं तिथं ते असंच गेलं. रिओ दी जानेरोमध्ये. मायामीच्या तबकड्या तिथल्या वस्त्यांमधल्या नाचांत वाजायच्या. स्टीव्ही बी ब्राझीलमध्ये आजही मोठं नाव आहे. आधी ती गाणी इंग्रजीतच वाजत, मग १९८९ मध्ये डीजे मार्लबोरोनं ‘फंक ब्रासिल’ हा अल्बम काढला आणि त्या ठेक्यांवर पोर्तुगीज शब्द आले. त्यातल्या हळव्या शाखेला तिकडे ‘फंक मेलोडी’ म्हणतात. लातीनो किंवा एमसी मार्सिन्यो यांची नव्वदच्या दशकातली गाणी ऐकून पाहा, एल्महर्स्टच्या कुठल्याही मुलीला त्यांचं घराणं लगेच ओळखू येईल. पुढं तिकडच्या पोरांनी मायामीचा ठेकाही टाकून दिला आणि स्वतःचा, ब्राझीलच्या ढोलांचा घडवला. फ्रीस्टाइलला परत यादीत आणायचं म्हणून कुणी हे केलं नाही. शनिवारी रात्री त्यांच्या गल्लीत नाचायला त्यांना गाणं हवं होतं. ब्राँक्समध्ये १९८३ मध्ये नेमकं हेच झालं होतं.

बाबा शेवटची काही वर्षं इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नाट्यसंगीताच्या बैठकींना जायचे. मी त्यांना गाडीनं सोडायचे आणि मागं बसायचे. तीच पदं, तेच दाद देणारे, दर वर्षी दोन-चार खुर्च्या कमी. जुनं प्रेमानं गाण्यात कमीपणा मुळीच नाही, मी पुढच्या वर्षीही ब्राँक्सला जाणार आहे. पण बाबांच्या शेजारच्या त्या रिकाम्या खुर्च्या मला परवा रांगेत आठवल्या.

तेव्हा बदल हवा. नवी गाणी हवीत, ती वीस वर्षांच्या मुलामुलींनी लिहायला हवीत, आणि आपण चाहत्यांनी कार्यक्रमात एखादी अनोळखी पोरगी नवं गाणं घेऊन आली तर तेवढ्यात पाणी प्यायला उठू नये. ठेक्यातली रिकामी जागा आणि तो न शिकलेला, खरा गळा एवढं सांभाळलं की बाकी सगळं त्यांचं. यादीत किती वर गेलं याची मला फिकीर नाही.

राहिले शब्द. आमची अर्धी गाणी टेलिफोनवर होती. घरात एकच फोन, तो भिंतीवर, आणि वाजला तर आई आधी उचलणार. ते वाट पाहणं लेकीला समजावून सांगायला गेले तर ती म्हणाली, "आता तर जास्त वाईट आहे, आई. त्यानं वाचलंय हे दिसतं. मग तो लिहायला लागतो, ते तीन ठिपके येतात, मग जातात. परत येतात. परत जातात. आणि काहीच येत नाही."

मी तिला लॅटिन रास्कल्सबद्दल सांगितलं. अल्बर्ट कॅब्रेरा आणि टोनी मोरान, दोघं पोरं, टेप ब्लेडनं कापून, तुकडे चिकटवून गाणाऱ्याचा शब्द अडखळत अडखळत वाजवायचे. ती ऐकत होती की नाही कळलं नाही, कारण तिनं मध्येच हेडफोन लावले. रात्री अकराला मला खोलीत बोलावलं. तिनं स्वतःच्या आवाजात एकच शब्द गायला होता आणि त्याची पहिली तीन अक्षरं कापून वेगळी केली होती. ती वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची. शब्द काही पूर्ण होत नव्हता. खाली तो ठोका, जिथं यायला हवा तिथं न येणारा.

मी तिला म्हटलं, पुन्हा लाव.