तुम्ही विचारलंत म्हणून : वाचता येत नव्हतं, मग मास्तर कसे झालात?

पालकसभा संपली की एखादी आई मागे रेंगाळते. मुलाची वही पुढे करते आणि हळूच विचारते, "सर, तुम्हालाही वाचायला जमत नव्हतं म्हणे. मग मास्तर कसे झालात?" कुडाळ तालुक्यातल्या हायस्कुलात मी इतिहास शिकवतो. घाईत काहीतरी सांगून मोकळा होतो. आज नीट सांगतो.

जमत नव्हतं हे खरं. अजूनही सावकाशच वाचतो. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि म्हणायची मात्र क नंतर, ही मला चौथीपर्यंत कुणीतरी केलेली थट्टाच वाटायची. 'सूर्य'मधला र य च्या आधी ऐकू येतो आणि बसतो य च्या डोक्यावर. 'चक्र'मध्ये तोच पायाशी. ध-घ, भ-म यांच्यात एका गाठीचा फरक, तो ओळखेपर्यंत वर्ग पुढच्या पानावर. गुरुजी म्हणायचे, लक्ष नाही. अहो, लक्ष होतं. सगळंच्या सगळं त्या एका रफारात अडकलेलं असायचं. डिस्लेक्सिया, म्हणजे डोकं नीट चालत असूनही वाचताना-लिहिताना अक्षरांत अडकणं, हा शब्द कानावर पडला तो थेट बी.एड.ला.

तरलो तो कानामुळे. आजो दशावतारात काम करायचा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र ते ठरतं, बाकी सगळं पायपेटी आणि पखवाजाच्या साथीने रात्रभर तोंडातून येतं. आजो शिकला दुसरीपर्यंत, पण दुर्योधन झाला की समोरच्या भीमाला बोलायला फट मिळायची नाही. माझं प्रगतिपुस्तक बघून तो एवढंच म्हणाला, "झिला, वाचूक येणा नाय तर आयक."

मग संध्याकाळी लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, ताई तिच्या अभ्यासाआधी माझा धडा मोठ्याने वाचायची, मी सुपारी सोलत ऐकायचो. नंतर खळ्यात उभं राहून तो धडा करून दाखवायचा. अफझलखान मी, महाराजही मीच. आजो मध्येच वेडावाकडा प्रश्न टाकायचा, "खानाक पत्र कोणी दिला?" आणि उत्तर द्यावंच लागायचं, कारण नट गप्प राहिला की खेळ पडतो. नुसती घोकंपट्टी असती तर मी दोन दिवसांत विसरलो असतो.

पण बोर्डाची परीक्षा लेखी. प्रश्न वाचण्यातच वेळ जायचा, शेवटचे दोन प्रश्न कायम कोरे. जोडाक्षरं चुकवत लहान लहान वाक्यं लिहायची युक्ती काढली होती. पण इतिहासाच्या पेपरात 'स्वातंत्र्य' कसं चुकवणार? 1998 साली 52 टक्क्यांनी सुटलो. मराठीत काठावर, इतिहासाने हात दिला.

तेव्हा आम्ही बोर्डाच्या कोल्हापूर मंडळात होतो. 2012 पासून कोकणाचं वेगळं मंडळ आहे आणि निकालात ते राज्यात पहिलं येतं. अभिमान आहेच, पण जिथे सगळेच पास होतात तिथे नापास झालेल्या पोराला तोंड लपवायला जागा नसते.

म्हणून मी त्या आईला दिव्यांगाच्या दाखल्याचं सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातलाच. दाखला असला की लेखनिक मागता येतो, तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपराला पुरा एक तास! 'दिव्यांग' शब्द ऐकून ती दचकते, सासरचे काय म्हणतील विचारते. मी शब्दावर वाद घालत नाही. माझे दोन कोरे प्रश्न सांगतो.

हे सगळं मी मोबाईलला बोलून लिहिलंय, रफार ताईने तपासलेत. मोबाईलला मालवणी समजत नाही, त्यामुळे आजोची वाक्यं तेवढी हाताने टाईप केली. पहिल्या वाक्यात जोडाक्षर एकही नाही. तरी तीनदा खोडावं लागलं, 'झिला'ची वेलांटी.