सिंगल आणि डबलसीट : मागचे शॉकअप निवडतानाचा माझा अनुभव

आठवडाभर मी मोटारसायकलवरून एकटा कामावर जातो आणि सुट्टीला पत्नीला मागे बसवून खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याने वाईला जातो. दोन्हींना चालेल अशी शॉकअपची एक जोडी मला हवी होती. चौकशी, किंमत, जुनी जोडी उतरवून नवी बसवणे हे सगळे विनासायास झाले. अडले ते मागणीच्या फॉर्मवर, आणि त्याची चीड अजूनही ओसरलेली नाही.

फॉर्मवर वजनासाठी एकच रकाना होता. माझे वजन 72 किलो, पत्नीचे 58. काउंटरवरच्या गृहस्थांचा आग्रह होता की बेरीज करून 130 लिहा आणि मोकळे व्हा. मला ते मान्य होण्यासारखे नव्हते, कारण चालक दोन चाकांच्या मध्ये बसतो व त्याचा भार पुढे-मागे वाटला जातो, तर मागे बसणारी व्यक्ती जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावरच असते आणि तिचा बहुतेक सगळा भार मागच्या शॉकअपवर येतो. शिवाय 130 धरून स्प्रिंग घेतली तर एकट्याने जाताना पुलाचा प्रत्येक सांधा पाठीला कळतो. 72 धरली तर डबलसीट असताना खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. यावर मला पुन्हा पुन्हा एकच उत्तर मिळाले, ‘प्रीलोड वाढवा, स्प्रिंग कडक होते.’ तशी ती होत नाही. प्रीलोड म्हणजे खालची कॉलर फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवणे; त्याने गाडीची मागची बाजू उचलली जाते, एवढेच. स्प्रिंग आणखी एक मिलिमीटर दाबायला लागणारे बळ होते तेवढेच राहते. ते ठरते तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांवर. स्प्रिंगचा हा आकडा विचारला, तर ‘सॉफ्ट, मीडियम, हार्ड’ याच्या पुढे माहिती देण्यास तिथे कोणी तयार नव्हते.

शेवटी मी मोजमापेच कागदावर लिहून दिली. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी असताना आसापासून सरळ वर सीटच्या कडेवर केलेल्या खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजले. मग गाडी जमिनीवर उभी करून, हेल्मेट-जॅकेटसह बसून, मित्राकडून तेच अंतर पुन्हा मोजून घेतले. या दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. चाकाच्या एकूण हालचालीच्या सुमारे एक तृतीयांश सॅग योग्य मानला जातो. माझ्या गाडीची हालचाल 90 मिलिमीटर, म्हणजे साधारण 30. जुन्या जोडीवर एकट्याचा सॅग 31 होता, पण डबलसीटला प्रीलोड सर्वांत वरच्या पायरीवर ठेवूनही 47. खड्डा येण्याआधीच निम्मी हालचाल संपलेली. हा कागद आतल्या तंत्रज्ञाच्या हाती पडला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘मागे बॅग किती किलोची बांधता?’ आसाच्या मागे लटकणारे सामान पुढचे चाक हलके करते आणि मागे स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकते, म्हणून हा प्रश्न अगदी नेमका होता. मला एकदम हायसे वाटले. नव्या जोडीवर आकडे 29 आणि 38 आले. फॉर्म कसाही असो, चालक, मागची व्यक्ती आणि सामान यांची वजने वेगवेगळी लिहूनच द्यावीत.

जास्त लांबीचे शॉकअप कोणी सुचवले तर घेऊ नयेत. मागची बाजू उंचावते, हँडल चंचल होते आणि साइड स्टँडवर गाडी अधिक कलते. दोन्ही बाजूंची प्रीलोडची पायरी सारखीच ठेवावी, आणि कॉलर फिरवायचा हुक पाना घरी न ठेवता सीटखाली ठेवावा, कारण रस्त्याच्या कडेला बदलता येत नसेल तर प्रीलोडचा उपयोग अर्धाच. सायलेन्सर तापलेला असतो, हेही लक्षात असू द्यावे. रिबाउंड, म्हणजे परतणाऱ्या स्प्रिंगला आवरणारा अवरोध, कमी-जास्त करण्याची सोय असेल तर डबलसीटला तो थोडा वाढवावा. जास्त दबलेली स्प्रिंग जास्त जोराने परतते आणि गाडी उसळत राहते. नवी जोडी बसवल्यावर चेनचा ढिलेपणा दोघांनी बसून एकदा तपासावा. गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणली जाते, आणि रिकाम्या गाडीवर ठीक वाटलेली चेन त्या स्थितीत फार घट्ट निघू शकते.