डिरेक्टऱ्या अनेक, मेक मात्र एकच

आमचा सी भाषेतला कोड कॉमन, प्रोटोकॉल, ॲप आणि टेस्ट अशा डिरेक्टऱ्यांत विभागलेला होता. प्रत्येकीची स्वतंत्र मेकफाइल (कोड बांधणाऱ्या 'मेक' या प्रोग्रॅमसाठीची नियमांची फाइल), आणि वरची मेकफाइल एकेकीत शिरून नवं मेक चालवायची. कॉमनच्या हेडरमधल्या (अनेक फाइल्स वापरतात त्या सामायिक व्याख्यांच्या फाइलमधल्या) एखाद्या स्ट्रक्चरला फील्ड वाढवलं, तरी ॲपमधल्या जुन्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले तुकडे) तशाच राहायच्या, लिंकही व्हायच्या आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळायचा. टीममधलं ठरलेलं उत्तर होतं, "आधी क्लीन मार," म्हणजे बांधलेलं सगळं पुसून पुन्हा बांध. मला ते मुळीच पटत नव्हतं. बदललेलं ओळखून तेवढंच पुन्हा बांधायचं, यासाठीच तर स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं!

असं मेकमधून मेक चालवण्यावरचा पीटर मिलर यांचा १९९८ चा निबंध वाचला आणि दुखणं कळलं. डिपेन्डन्सींचा, म्हणजे कोणती फाइल कशावर अवलंबून आहे याचा, आलेख पूर्ण मिळाला तरच मेक योग्य निर्णय घेतं. डिरेक्टरीगणिक वेगळं मेक चालवलं की प्रत्येकाला आपल्यापुरता तुकडा दिसतो. कॉमनची लायब्ररी कशापासून बनते, हे ॲपच्या मेकला ठाऊकच नव्हतं. क्रम सांभाळला जायचा तो केवळ वरच्या यादीमुळे, आणि समांतर बिल्ड (एकाच वेळी अनेक कामं) लावलं की तोही मोडायचा.

कोड जागेवरच ठेवला. प्रत्येक डिरेक्टरीत सोर्स फाइल्सची यादी आणि तिथले नियम एवढीच छोटी फाइल ठेवली आणि वरच्या मेकफाइलमध्ये त्या सगळ्या इन्क्लूड केल्या. पाथ सगळे मुळापासून. कोणती फाइल कोणतं हेडर वापरते याच्या नोंदी जीसीसी या कंपाइलरवर सोपवल्या: एमएमडी पर्याय दिला की कंपाइल करतानाच तो त्या लिहून ठेवतो. सोबत एमपी हवाच, नाहीतर एखादं हेडर काढून टाकलं की ते बनवायचा नियम नाही म्हणून मेक अडतं.

खरा वेळ खाल्ला व्हेरिएबलनी. मेक टार्गेटची (जे बनवायचं त्याची) नावं फाइल वाचतानाच उलगडतं, रेसिपी (ते बनवायच्या आज्ञा) मात्र चालवायच्या वेळी. त्यामुळे 'चालू डिरेक्टरी'चं व्हेरिएबल रेसिपीत वापरलं की सगळीकडे शेवटच्या डिरेक्टरीचं नाव यायचं. टार्गेटपुरतं व्हेरिएबल कोलन-बरोबरने तिथल्या तिथे पक्कं केल्यावर ते सुटलं. कुठल्याही नवख्याला मी हा भाग सर्वांत आधी समजावून सांगेन.

प्रोटोकॉलमधलं एक हेडर स्क्रिप्टमधून तयार होतं. पहिल्या बिल्डला जीसीसीच्या नोंदी नसतात, म्हणून ते ऑर्डर-ओन्ली प्रीरिक्विझिट, म्हणजे उभ्या रेघेनंतर (आधी असायला हवं, पण ते बदललं म्हणून पुन्हा बांधायचं नाही), लिहिलं. ते आधी बनतं. पुढच्या बिल्डपासून नोंदी असतातच.

शेवटी जीएनयू मेक ४.४ मधला शफल पर्याय लावला. तो टार्गेटांचा क्रम मुद्दाम पिसतो, त्यामुळे लपलेल्या डिपेन्डन्सी बाहेर येतात. टेस्टचा एक नियम त्यात लगेच सापडला: आउटपुट डिरेक्टरी दुसऱ्याच टार्गेटने आधी बनवलेली असेल, यावर तो विसंबून होता. तिथेही उभी रेघ घातली, आणि रात्रीचं बिल्ड आता शफल लावूनच चालतं.